ओटा, पन्हाळ आणि नळाचा खड्डा

प्रिय बेटा,

पत्र मिळालं. रोज संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर चालणं होतं, पण खोलीवर परतल्यावर काय पाहिलं ते सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. यात तुझ्या नजरेचा काही दोष नाही, फेरीच फार लांब आहे. एवढ्या अंतरात शेकडो घरं डोळ्यांपुढून जातात, ती कुणाच्याच ध्यानात राहायची नाहीत. उद्यापासून एकच गल्ली घे. दोनशे-अडीचशे मीटरची, दोन्ही ओळी मिळून चाळीस-पन्नास घरांची. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. जाताना उजव्या हाताची ओळ पाहायची आणि येतानाही उजव्याच हाताची, म्हणजे दोन्ही ओळी होतात. मान दोन्हीकडे फिरवत चाललं की एकही बाजू नीट दिसत नाही.

धुळ्यात आहेस, तर आग्रा रोडलगतच्या, नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपासून सुरुवात कर. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. नवी वस्ती तेव्हा आखून बसवली, म्हणून या भागात घरांच्या दर्शनी भिंती बऱ्यापैकी एका रेषेत येतात. नवशिक्याला याचा मोठा फायदा होतो. रेषेच्या पुढे आलेलं किंवा मागे सरकलेलं घर लगेच खुपतं, आणि खुपलं की कारण विचारता येतं: ओटा नंतर पुढे वाढवला का, की घर पाडून नवं बांधताना जागा सोडावी लागली? जुन्या धुळ्याच्या वाकड्या बोळांत हे कळायला जास्त सराव लागतो. तिकडे दोन महिन्यांनी जा.

निघण्याआधी पाऊल मोजून घे. कॉलेजच्या मैदानावर शंभर मीटर नेहमीच्या चालीने चाल आणि पावलं मोज. साधारण १४० ते १५० भरतील. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही. वीत आणि हातही टेपने मोजून तिथेच लिही, कारण पुढे दारांची रुंदी आणि ओट्यांची उंची त्यांनीच मोजायची आहे. लोकांच्या दारात टेप काढायचा नाही. का ते पुढे सांगतो.

पहिल्या आठवड्यात फक्त ओटे पाहा. ओट्याला पायऱ्या किती, पायरी दगडाची की फरशीची, ओट्याखाली गटार वाहतं की ओट्याच्या पुढून, एवढंच. खानदेशातल्या जुन्या घराचा ओटा गल्लीपासून चांगला दोन-अडीच फूट उंच असायचा. बसायला सोय, आणि पावसाचं पाणी घरात यायचं नाही. आता कित्येक घरांना एकच पायरी उरलेली दिसेल, काहींचा उंबरा रस्त्याच्या बरोबरीला आलेला असेल, आणि एखाद्या घरात तर पायरी उतरून जावं लागेल. ओटे खचलेले नाहीत, रस्ता चढला आहे. काँक्रिट करताना जुना थर उखडायचा कंटाळा केला की त्याच्यावरच नवा थर पडतो, दर वेळी चार-सहा इंच. असे चार-पाच थर झाले की दोन फुटांचा ओटा जमिनीला टेकतो.

हे एकदा ओळखता आलं की त्याच्या खुणा सगळीकडे सापडतात. घराच्या पायाचा काळा दगड किती दिसतो ते पाहा. शेजारच्या घरात तीन थर दिसतात आणि इथे एकच, म्हणजे बाकीचे रस्त्याखाली आहेत. दारापुढे सिमेंटचा चार बोटं उंचीचा बांध घातलेला असेल, तर पावसाळ्यात पाणी आत शिरतं हे नक्की समज. गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून एखादा उभा दगड पुरलेला असेल. वळताना बैलगाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून तो ठोकलेला. मूळचा गुडघ्याएवढा दगड आता वीतभरच वर उरला असेल, तर रस्ता किती चढला याचं माप त्या दगडाने तुला देऊन ठेवलं आहे. मला या कामात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. कुणाला न विचारता, काही न उकरता, नुसत्या उभ्या-उभ्या गल्लीचा मागचा काळ मोजता येतो.

दुसरा आठवडा पाण्याला दे. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे घराचं तोंडच पाण्याच्या हिशोबाने बदलतं. ओट्यावर निळे ड्रम किती, टाकी वर गच्चीवर की खाली जमिनीत, पायरीच्या बाजूला लोखंडी झाकण आहे का? नळ बऱ्याच ठिकाणी हातभर खोल खड्ड्यात दिसेल. दाब कमी असला की पाणी वरच्या तोटीपर्यंत चढत नाही, म्हणून लोक तोटीच खाली नेतात. त्या खड्ड्यात गटाराचं पाणी उतरलं तर काय होतं, ते तुला सांगायला नको. खड्ड्याशेजारी पाणी ओढणारी छोटी टिल्लू मोटर किंवा तिच्यासाठी काढलेली वायर दिसली की शेवटच्या घरांना पाणी का पोचत नाही तेही कळतं. गल्लीच्या सुरुवातीच्या दहा घरांतले ड्रम मोज आणि टोकाच्या दहा घरांतले मोज. फरक दिसला तर पाणी कुठल्या टोकाकडून येतं याचा अंदाज बांधता येईल. पाणी सुटायच्या वेळी मात्र मध्ये जाऊन उभी राहू नकोस. त्या तासाभरात कुणालाच तुझ्याशी बोलायला सवड नसते.

मग वर पाहा. धाब्याची घरं आता थोडी उरलीत, पण आहेत. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. ही माती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. पावसाळ्याआधी तिचा हात फिरवावा लागतो. ते चुकलं, किंवा उंदराने भोक पाडलं, की त्या एका जागेतून पाणी उतरतं, लाकूड कुजतं आणि धाबं वाकतं. शिवाय दरवर्षी माती टाकून टाकून थर जाड होतो आणि वजनानेही तुळई दबते. खालून पाहताना पन्हाळींकडे लक्ष ठेव. जुन्या लाकडाच्या किंवा पत्र्याच्या असतात, त्यांच्या जागी आता प्लास्टिकचा पाइप बसवलेला दिसतो. पन्हाळीखालच्या भिंतीवर काळा-हिरवा ओघळ असेल तर ती आखूड आहे, पाणी भिंतीवरून उतरतंय. धाबं काढून पत्रे टाकलेलं घर उन्हाळ्यात दुपारी ओळखू येतं. माणसं आतून उठून ओट्यावर किंवा समोरच्या निंबाखाली आलेली असतात.

भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटलेले दिसले तर तो लोणा. जमिनीतली ओल भिंतीत चढते, क्षार बाहेर येतात आणि गिलावा फुगून गळतो. मातीच्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा केला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आणखी वर चढते. म्हणून डागडुजी केलेल्या भिंतीवर लोण्याची रेषा कधी कधी शेजारच्या जुन्या भिंतीपेक्षा उंच असते. दोन्हींची उंची वितीने मोज आणि शेजारी-शेजारी लिही.

दारांत पाहण्यासारखं फार आहे. साडेतीन-चार हात रुंदीचं दार घराच्या एका अंगाला असेल, तर ते गाडी-बैलांसाठी होतं. आता तिथे शटर किंवा मोटारसायकली असतील. चौकटीवर घरपट्टीचा नंबर, कधी जनगणनेचा. खडूने किंवा गेरूने काढलेलं इंग्रजी ‘पी’ अक्षर, जवळ तारीख आणि बाण दिसला तर ती पोलिओच्या डोसवाल्यांची खूण. फुली असेल तर त्या घरातलं मूल डोसाचं राहिलं होतं, परत यावं लागणार होतं. बाण पुढच्या घराची दिशा दाखवतो. त्या बाणांच्या मागे चाललीस तर आरोग्य सेविका कुठल्या बोळातून कुठे वळल्या तो रस्ता मिळतो, आणि नकाशावर नसलेली मागची दारंही सापडतात. ओसरीच्या तुळईला लोखंडी कडी असेल तर ती पाळण्याची किंवा झोक्याची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत जाऊन पाहा म्हणजे उलगडेल.

वेळेबद्दल. आता दिवाळी झाली, थंडी सुरू झाली आहे, मार्चपर्यंतचा काळ उत्तम. सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा. एकच गल्ली दोन्ही वेळा पाहिलीच पाहिजे. दक्षिणोत्तर गल्लीत सकाळचं ऊन पश्चिमेच्या ओळीवर पडतं, संध्याकाळचं पूर्वेच्या. पूर्व-पश्चिम गल्लीत हिवाळाभर उत्तरेच्या ओळीतल्या ओट्यांवर ऊन असतं आणि समोरची ओळ स्वतःच्याच सावलीत राहते. म्हातारी माणसं कुठे बसली आहेत त्यावरून हे पडताळून पाहा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत घरी यायचं. दुपारी बाहेर पडायचंच नाही, बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत गल्लीत दिसणार तरी कोण? मेच्या शेवटच्या आठवड्यात तर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाचीही सावली नाहीशी होते. ती पाहायची तर कॉलेजच्या गच्चीवरून पाहा.

चैत्रात मात्र एखादी सकाळ गच्च्यांसाठी राखून ठेव. ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, पापड साड्यांवर पसरलेले दिसतील. राखणीला कोण बसलंय, त्यांच्यासाठी शिजवलेल्या घाट्याचं पातेलं किती घरांत मिळून एक आहे, ते बघ. नंदुरबारला गेलीस तर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पाहा. तोंडाला रुमाल बांधून जा आणि वारा पाठीमागून येईल अशा बाजूने उभी राहा.

आता माणसांचं. वही हातात धरून दारासमोर लिहीत उभी राहिलीस तर लोकांना तू घरपट्टी वाढवायला आलेली, अतिक्रमण मोजायला आलेली किंवा वसुलीची वाटशील. टेप काढला तर खात्रीच. म्हणून पाच-सहा घरं पाहायची, पुढे पाराशी किंवा चहाच्या टपरीशी जायचं, आणि तिथे लिहायचं. कुणी अडवलं तर खरं आणि थोडक्यात सांग: जुने ओटे, जुनी दारं पाहते आहे, कॉलेजात शिकते. पहिला प्रश्न बहुतेक ‘कोनी पोर शे तू?’, कुणाची मुलगी तू, हाच येईल. गाव आणि आडनाव सांगितलं की निम्मं काम होतं. अहिराणी येते तर अहिराणीतच बोल. आधी ‘राम राम’, मग जिजी, आबा, अप्पा, जसं वय असेल तसं. फोटो विचारूनच काढायचा. बाया कपडे धूत असतील किंवा न्हाणीचा आडोसा असेल तिकडे मोबाइल वळवायचासुद्धा नाही. निदान पहिला महिनाभर मैत्रिणीला सोबत घे, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणावाल्याला किंवा गिरणीवाल्याला रोज तोंड दाखव, आणि अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लाग. कुत्रं भुंकलं तर पळू नकोस, डोळ्यांत पाहू नकोस, चाल न बदलता बाजूने निघून जा.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, गल्ली, ओळ आणि कितवं घर हे पाच हवेतच. ‘सुंदर जुनं घर’ असं लिहिलंस तर महिन्याभराने त्यातून काहीच निघणार नाही. ‘चौथं घर, पश्चिम ओळ, पायऱ्या दोन, खालची अर्धी रस्त्यात, दार अडीच हात’ हे कायम उपयोगी पडतं. पाहिलेलं डाव्या पानावर आणि तुझा अंदाज उजव्या पानावर, पुढे प्रश्नचिन्ह घालून. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की काही दिवसांनी आपलाच अंदाज आपल्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटायला लागतो. फोटोंचंही तेच: शंभर फोटो आणि कुठलं घर कुठलं याचा पत्ता नाही, तर पाच काढून त्यांचे क्रमांक वहीत लिहिलेले बरे.

धुळ्यातल्याच देवपूर भागाकडच्या कॉलन्यांना कमी लेखू नकोस. तिथे ओटे नाहीत, कंपाउंड आहेत. ले-आउटमध्ये सोडलेली मोकळी जागा शोध आणि तिथे आधी काय आलं ते विचार: देऊळ, बाकं की सभागृह. रिकाम्या प्लॉटवर वेडी बाभूळ किती उंच झाली त्यावरून तो किती वर्षं पडून आहे याचा अंदाज येतो. मागच्या अंगणात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा किंवा गोवऱ्या रचलेल्या दिसल्या तर त्या घराचं शेत अजून सुटलेलं नाही असं समजायला हरकत नाही. हे जळण लागतंच, कारण भरताची वांगी आणि बट्ट्या गॅसवर भाजायला आपल्याकडची माणसं सहसा तयार होत नाहीत.

महिन्याभरात एक गल्ली झाली की एका मोठ्या कागदावर तिचा नकाशा काढ, पावलांच्या मापाने, आणि प्रत्येक घरापुढे पायऱ्यांचा आकडा घाल. तो घेऊन गल्लीतल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे जा आणि उजव्या पानावरचे प्रश्न एकेक करून विचार. एका बैठकीत सात-आठच, जास्त नकोत. जे अंदाज खोटे ठरतील ते मला आधी लिहून पाठव, आणि ते का चुकले हे त्या माणसाने कसं सांगितलं, तेही त्याच्याच शब्दांत.

तुझे,
नाना