मनाचा सल्ला : थकवा की नैराश्य?

प्रश्न : धाकटी बहीण निवासी डॉक्टर आहे. साथीच्या वॉर्डात ड्युटी लागून दोन महिने झाले. सुट्टीतही ती नुसती पडून असते, फोन उचलत नाही. ‘झोप झाली की बरं वाटेल,’ म्हणते आणि स्वतःच झोपेची गोळी घेते. हा थकवाच असेल ना?

उत्तर : थकवा असेल तर विश्रांतीने उतरतो. झोप पुरी होऊनही तिचा कशातच जीव रमत नसेल आणि दोन आठवडे जवळजवळ रोज हेच चाललं असेल, तर नैराश्याची तपासणी व्हायलाच हवी.

तिला ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरायला सांगा. पाच मिनिटं पुरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली, तर मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. डॉक्टर मंडळी इथे हमखास एक चूक करतात : झोप, भूक, थकवा यांचे गुण ‘हे तर नाइट ड्युटीमुळेच’ म्हणून सोडून देतात. तसं वाटलं तर पहिल्या दोन प्रश्नांकडे बघा. कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं, या दोन्हींचे मिळून ३ गुण झाले तरी पुढची तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्य नसेल, तर बेरीज काहीही असो, त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठा आणि तोवर तिला एकटं सोडू नका. औषधं तिच्या हाताशी असतात, मात्राही ठाऊक असते. म्हणून ही घाई.

झोपेच्या गोळीने नैराश्य जात नाही, रोजची सवय मात्र लागते. नैराश्याची औषधंही तिने मनाने सुरू करू नयेत. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. स्वतःच औषध घेणारे बहुधा त्याआधीच कंटाळून सोडतात. शिवाय पूर्वी कधी उन्मादाचा, म्हणजे अवाजवी उत्साहाचा झटका येऊन गेला असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी तो उलटू शकतो. हे विचारायला समोर दुसरा डॉक्टरच लागतो, आणि तो तिच्या विभागातला, तिचं मूल्यमापन करणारा नसावा.

प्रश्न : वॉर्डाचं ड्युटी-पत्रक मीच लावतो. ज्युनिअर खचलेत. काय बदलू?

उत्तर : दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास ठेवा. सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. पाळी सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवा, उलट फिरवली की झोप बिघडते. नातेवाइकांना मृत्यू कळवणारे फोन रोज एकाच ज्युनिअरच्या गळ्यात पडतात. ते वाटून द्या आणि असा फोन करताना शेजारी एक सीनिअर बसू दे.