2014 पूर्वी तृतीयपंथीयांसाठी कायदाच नव्हता का?

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालापूर्वी तृतीयपंथीयांना कायद्यात काही स्थान होते का, असे आपण विचारले आहे. स्थान होते, पण ते पोलिसांच्या नोंदवहीत होते.

त्याही आधी, मराठ्यांच्या राज्यात, हिजड्यांना ठरावीक गावांतून शिधा आणि पैसा मागण्याचा वतनी हक्क असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी तो मोडीत काढला. मग 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याच्या दुसऱ्या भागाचा उल्लेख क्वचितच होतो. मुले पळवणे, त्यांचे लिंग छाटणे किंवा भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खालील 'अनैसर्गिक' संभोगाचा गुन्हा करणे यांचा ज्यांच्यावर संशय असेल, अशा 'नपुंसकां'ची नावे आणि मालमत्ता या भागानुसार नोंदवली जात. नाव एकदा वहीत चढले, की स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा नाचणे एवढ्यावरही 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शके. शिवाय दत्तक घेण्याचा आणि मृत्युपत्र करण्याचा अधिकारही जाई, म्हणजे गुरूची मिळकत चेल्याला देण्याची वाटच बंद. हा भाग उत्तर हिंदुस्थानात लागू होता आणि 1911 मध्ये तो वगळण्यात आला. तथापि, मराठवाडा ज्याच्या अमलाखाली होता त्या निजामाने 1919 मध्ये तशाच धर्तीचा कायदा केला आणि तो तेलंगण उच्च न्यायालयाने रद्द ठरवण्यास 2023 साल उजाडले. (आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची पोलिसांपुढची हजेरी 1918 मध्येच बंद केली होती, अर्थात, तो निर्णय जातींपुरता होता, जोगत्यांचा, म्हणजे रेणुकादेवीला वाहिलेल्या आणि बहुधा स्त्रीवेशात राहणाऱ्या पुरुषांचा, त्यात विचार नव्हता.)

15 एप्रिल 2014 रोजी न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी आपले लिंग कोणते हे ती व्यक्तीच ठरवील असे सांगितले, तृतीयपंथीयांना मागासवर्ग मानून आरक्षण देण्याचाही आदेश दिला. 2019 च्या तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने पहिली गोष्ट शब्दांत मान्य केली, पण ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचे ठेवले. आरक्षणाबाबत तो गप्पच राहिला. मी येथे वकिली करतो. रेणुकेचा 'जग' (देवीचा मुखवटा ठेवलेली परडी) डोक्यावर घेऊन फिरणारे एक वयस्कर जोगते या ओळखपत्राबद्दल विचारायला आले होते, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "साहेब, नाव लावलं तर पोलीस घरी येत्यात का?" तसे काही होत नाही असे मी त्यांना सांगितले खरे, पण या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

माझा मुख्य आक्षेप 2019 च्या कायद्याच्या कलम 18 वर आहे. तृतीयपंथीय व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला या कलमाने जास्तीत जास्त 2 वर्षांची शिक्षा ठेवली, तर स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान शिक्षाच 10 वर्षांची होती.