आधीचं किती, नवं किती: स्वमग्न माणसाच्या डोक्याला मार लागतो तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा त्यातलं एकच वाक्य वाचलं: "घरचे म्हणतात, तू आधीपण असाच होतास." सात आठवड्यांपूर्वी जिन्यावरून पडलात. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दोन आठवड्यांत बरं वाटेल असं सांगून घरी पाठवलं. आणि अजून आवाज सोसत नाही, ऐनवेळी शब्द सापडत नाहीत, दुपारनंतर डोकं चालत नाही. तुम्ही मुळात स्वमग्न, त्यामुळे यातलं स्वमग्नतेचं किती आणि माराचं किती हे तुमचं तुम्हालाच कळेनासं झालंय. शिवाय हेडफोन वापरायचे की सोडायचे, आणि पूर्वीसारखं होणार का, हेही विचारलंत.

मीही ऑटिस्टिक आहे, निदान एकतिसाव्या वर्षी झालं. चार वर्षांपूर्वी खाली पडलेलं काहीतरी उचलून उठताना कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा टाळूवर बसला. बेशुद्ध पडले नाही. टेंगूळ आलं, हसण्यावारी नेलं. पुढचे अकरा महिने त्यात गेले. मी डॉक्टर नाही, जे सोसलं आणि त्यातून जे कळलं तेवढंच लिहिते.

आधी एक गोष्ट उरकून घेऊ. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झटका (फिट) आला, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, जीभ जड झाली, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा झोपेतून नीट जाग येत नसेल, तर हे वाचणं सोडा आणि तातडीने दवाखाना गाठा. पहिला स्कॅन नॉर्मल असला तरीही. कवटीच्या आत सावकाश साचणारं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतं, विशेषतः वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना दुखणं, भूक, थकवा हे आतले निरोप उशिरा पोचतात. तेव्हा "मला तर काही विशेष वाटत नाही" यावर विसंबू नका. ही यादी घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या.

आता स्कॅनबद्दल. तो नॉर्मल आला म्हणजे रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढंच. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला बसलेल्या धक्क्याने मेंदूला होणाऱ्या सौम्य इजेत, बिघडतं ते मेंदूतल्या पेशींचं कामकाज. धक्क्याने पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते सगळं जागच्या जागी न्यायला पेशीला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्ताचा पुरवठा आटलेला असतो. हे सीटीत दिसत नाही. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांच्या आसपास सावरतात हे खरं, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. सातव्या आठवड्यात त्रास असणं हा तुमच्या मनाचा खेळ नाही.

माझं घोडं अडलं ते एका कागदापाशी. कन्कशननंतर रिव्हरमीड नावाची प्रश्नावली भरून घेतात. त्यात 16 लक्षणं असतात आणि प्रत्येकाला 0 ते 4 गुण. आवाजाचा त्रास? 4. उजेडाचा? 3. झोप नीट नाही? 4. लक्ष लागत नाही, चिडचिड होते... मी भराभर लिहीत गेले, कारण हे सगळं मला होतंच. लहानपणापासून. बेरीज इतकी आली की पहिल्या डॉक्टरांनी ती पाहून 'चिंतेचा विकार' असं लिहिलं आणि मी तो कागद घेऊन घरी आले.

दीड महिन्याने एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) तोच कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "यातलं मार लागायच्या आधी किती होतं?" मग मी वरची सूचना वाचली. ती प्रश्नावली तुलनाच मागते. 1 म्हणजे 'आधीपेक्षा जास्त नाही', आणि हे 1 बेरजेत धरायचेच नसतात. वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारी मी, आणि हीच सूचना तेवढी गाळली होती. पुन्हा भरल्यावर बेरीज निम्म्याहून खाली आली. आणि जे उरलं ते खरं नवं होतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की आजच एक पान घ्या आणि वर लिहा: 'पडण्याआधीचा मी'. तुम्ही एक लिहा, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एका माणसाला वेगळं लिहायला सांगा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. 'आवाज सहन होत नाही' असं मोघम नको. माझ्या बहिणीने लिहिलं होतं: "शेजारी ड्रिल सुरू झालं की उठून आतल्या खोलीत जाते, दार लावते. वीसेक मिनिटांनी बाहेर येते आणि राहिलेलं बोलणं जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करते." मार लागल्यानंतर त्याच ड्रिलने मला मळमळायचं, डोळ्यांमागे ठणका लागायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी कामातून गेलेली असायचे. त्रास कशाचा होतो याची यादी जवळपास तीच होती. सावरायला लागणारा वेळ वीस मिनिटांवरून वीस तासांवर गेला होता, आणि डोकेदुखी-मळमळ या दोन पाहुण्या नव्या होत्या. डॉक्टरांना 'खूप त्रास होतो' असं सांगून जे कळलं नव्हतं, ते या दोन आकड्यांनी कळलं.

त्या पानावर जे आयुष्यात कधीच नव्हतं त्याखाली रेघ मारा. वाचताना ओळी उड्या मारणं, एकाचे दोन दिसणं, कूस बदलताना खोली फिरणं. या गोष्टी स्वमग्नतेच्या खात्यावर टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका. यातल्या बऱ्याच बऱ्या होण्यासारख्या असतात.

माझंच घ्या. मी अस्वस्थ झाले की खुर्चीत पुढेमागे झुलते, हे माझं जन्माचं औषध. मार लागल्यावर झुलायला लागले की गरगरायचं. म्हणजे शांत व्हायचा एकमेव हुकमी उपाय गेला, आणि मी दोन महिने समजत राहिले की हा ओव्हरलोडच आहे, म्हणजे आवाज-उजेडाचा नेहमीचा भडिमार, जरा जास्त झालाय इतकंच. तिसऱ्या महिन्यात फिजिओने मी बसलेली असताना मला एकदम आडवं केलं, मान एका बाजूला वळवून डोकं पलंगाच्या कडेखाली नेलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. बुबुळं थरथरत होती. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. धक्क्याने ते जागा सोडून भलत्या नळीत जातात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. एप्ली नावाची, डोकं ठरावीक क्रमाने वळवायची युक्ती असते. दोन बैठका झाल्या आणि चक्कर गेली. घरी परत आले ती थेट खुर्चीत जाऊन बसले आणि बराच वेळ झुलत राहिले. आडवं होताना किंवा कूस बदलताना तुम्हाला गरगरत असेल तर ही तपासणी मागून घ्या. मान दुखावलेली असेल तर ते आधी सांगा.

घरच्यांचं ते वाक्य. माझ्या घरी बरोबर उलटं म्हणायचे: "तू आधी अशी नव्हतीस!" कारण आधी मी झाकायचे. डोळ्यांत बघून बोलायचं, हात खिशात कोंबायचे, हसण्याच्या जागी हसायचं. या मुखवट्याला किती इंधन लागतं ते टाकी रिकामी झाल्यावर कळलं. मारानंतर शिल्लकच नव्हती, मुखवटा गळून पडला आणि लोकांना वाटलं हिला काहीतरी नवंच झालं. डोक्याला मार लागून कुणी स्वमग्न होत नाही, ती लहानपणापासूनची जडणघडण असते. पण झाकायची ताकद मात्र जाऊ शकते. तुमच्याकडे कदाचित नवं दुखणं जुन्या ओळखीत बुडतंय, माझ्याकडे जुनी ओळख नवं दुखणं म्हणून खपत होती. दोन्हीवर उतारा तेच पान.

विश्रांतीबद्दल जपून. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायचा सल्ला आता जुना झाला. 2022 मध्ये ॲम्स्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली. तिथलं म्हणणं असं की पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती (नुसतं पडून न राहता रोजची हलकी कामं चालू ठेवून), मग हळूहळू चालणंफिरणं वाढवायचं. 0 ते 10 या मापावर त्रास 2 अंकांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल, त्यापुढे गेला तर थांबायचं. आपल्यासाठी अंधारी, शांत खोली म्हणजे माहेरच, म्हणून मोह जास्त. मी तीन आठवडे तिथे काढले आणि बाहेर आले तेव्हा साधं बोलणंही कानावर आदळत होतं.

अडचण ही की 'तुमचा त्रास दहापैकी किती' याचं उत्तर मला येतच नाही. चार म्हणजे कसा चार? मग मी बाहेरून दिसणाऱ्या खुणा धरल्या. टाइप करताना एकाच शब्दात दोन चुका झाल्या की पहिली खूण. खांदा दाराच्या चौकटीला घासला की दुसरी. पूर्ण वाक्याऐवजी 'हं', 'नको' एवढंच बोलायला लागले की तिसरी, आणि ती मला नाही, बहिणीला दिसते. दुसऱ्या खुणेला थांबायचं असं ठरवलं. तुमच्या खुणा वेगळ्या असतील, दोन दिवस लक्ष ठेवलंत की सापडतील.

आवडीचा विषय मात्र तोडू नका. मला स्क्रीन बंद करायला सांगितलं, म्हणजे माझे जुने नकाशे बंद. त्याने डोळे निवले असतील, पण मी सैरभैर झाले. नंतर दहा मिनिटांचा गजर लावून मोठा छापील नकाशा बघायचा असं ठरलं आणि रात्रीची झोप सुधारली.

हेडफोन. इथे खरी ओढाताण आहे. घरात सतत गडद चष्मा लावला तर डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही बोचायला लागतो. कानांचंही तसंच होऊ शकतं. म्हणून थेरपिस्ट म्हणाली, सगळं काढा. मी ते पान पुढे केलं: गर्दीत आणि प्रवासात मी हेडफोन पंधरा वर्षं लावतेय, ते दुखण्याचं लक्षण नाही. मग तडजोड झाली. मार लागण्याआधी जिथे लावत होते तिथे लावायचे. नंतर वाढलेले, म्हणजे घरात एकटी असताना, जेवताना, ते आठवड्याला थोडे थोडे कमी. चष्मा पूर्ण सुटला. हेडफोन जुन्या जागी परत गेले.

दोन गोष्टी पटकन. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी जडते. मी दुपारी चारची गोळी चक्क दिनक्रमात बसवली होती, दुखत असो वा नसो. आणि मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटतो तेव्हा, डोकं आपटायची सवय असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. भरून येणाऱ्या मेंदूला दुसरा मार परवडत नाही.

पूर्वीसारखं होणार का? माझी डोकेदुखी पाचव्या महिन्यात विरळ झाली, वाचन आठव्यात परत आलं, पूर्ण दिवस काम अकराव्यात. तुमचं वेळापत्रक याहून लवकरचं असू शकेल. मुखवटा मी पुन्हा चढवला नाही, बराचसा. आणि दमलेली असले की संध्याकाळी सातनंतर शब्द अजूनही जातात. परवा 'कात्री' सापडेना. मी दोन बोटांनी हवेत कापून दाखवलं, बहिणीने न बोलता कात्री आणून दिली आणि आम्ही पार्सल उघडलं.