दिल्लीची ए-थ्री घेताय? एनओसीवर कुठल्या गावाचं नाव आहे ते आधी वाचा

अंबाजोगाईच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि रात्री दुकानाचं शटर ओढून आधी हे लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की 2016 ची ऑडी ए-थ्री डिझेल आहे, दिल्ली पासिंग, 78,000 किलोमीटर, साडेसात लाख सांगतोय. एजंट म्हणतो पूर्ण पेमेंट करा, गाडी घेऊन जा, "महाराष्ट्राची एनओसी" पंधरा दिवसांत कुरिअरने घरी येईल. (एनओसी म्हणजे गाडी दुसरीकडे नोंदवायला तिथल्या कार्यालयाने दिलेला ना-हरकत दाखला.) भाऊ, 2021 च्या सप्टेंबरात मला अगदी हेच शब्द ऐकवले होते. गाडीसुद्धा हीच, फक्त 2015 ची. त्या शब्दांवर विश्वास ठेवला म्हणून माझे चौदा महिने गेले आणि तीन लाखांवर रुपये गेले.

गाडी तपासायची कशी, रंग मारलाय का, पाण्यात बुडाली होती का, हे मी लिहीत नाही. ते तुम्ही बघणारच. मी कागदाचं सांगतो, कारण मी गाडी तीन तास बघितली आणि कागद तीन मिनिटं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. दिल्लीत ही गाडी स्वस्त का मिळते? हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं (2025 मध्ये न्यायालयाने ती सक्ती सैल केली). त्या बंदीमुळे डिझेल गाडीला सात-आठ वर्षं झाली की तिथल्या मालकाला ती काढायची घाई होत आली. गाडीत खोट असते म्हणून नाही. पण घाई त्याला असते, तुम्हाला नसते. एजंट मात्र ती घाई तुमच्या गळ्यात घालतो. "दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, आज आरटीजीएसने बँकेतून पैसे पाठवले तरच." मी पाठवले.

आता माझी चूक. परराज्यात गाडी न्यायची तर 28 नंबरचा फॉर्म भरतात, त्यात गाडी कुठल्या नोंदणी कार्यालयाकडे जाणार हे लिहावं लागतं. म्हणजे "महाराष्ट्राची एनओसी" अशी काही वस्तूच नाही. एनओसी असते ती पुण्याची, लातूरची, नांदेडची. मला पैसे दिल्यानंतर चोवीस दिवसांनी पाकीट आलं. फोडलं, शिक्का बघितला, सही बघितली, कपाटात ठेवलं. त्यावर पुणे लिहिलेलं होतं ते दिसलंच नाही असं नाही, दिसलं, पण मला वाटलं आपलंच राज्य आहे, काय फरक पडतो. आमच्याकडच्या कार्यालयातल्या बाईंनी कागद हातात घेतला, गावाच्या नावाखाली बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे नाही चढणार. सिस्टीमच घेणार नाही." त्यांचं बरोबरच होतं.

एजंटला फोन केला तर म्हणाला, आमच्याकडून सगळ्यांना पुण्याचीच काढतो, कुणाची अडत नाही. मग पुण्यात नोंदवून पत्ता बदलून घ्या म्हणाला. पुण्यात माझं ना घर ना भाडेकरार. खोटा पत्ता दाखवायला मी तयार नव्हतो, आणि तुम्हीही होऊ नका.

मग सुरू झाली ती खरी पायपीट. एनओसी दिली होती त्या दिल्लीतल्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही. तिथं सांगितलं, आधीची रद्द करायची तर पुण्याहून लिहून आणा की ही गाडी तिकडे नोंदवलेली नाही. पुण्याचं ते पत्र दोन चकरांत मिळालं. ते घेऊन दिल्लीला गेलो तर म्हणाले, अर्ज मूळ मालकानेच करायचा, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जाणार. मूळ मालक तोवर नोकरीसाठी दुबईला गेलेला, भारतातला नंबर बंद. माणूस सज्जन होता, दुबईहून सही करून कागद पाठवले त्याने, पण नंबर बदलायला पुन्हा वेगळा अर्ज, त्याला वेगळी खिडकी. एका खिडकीवर विचारलं की दुसरी, दुसरीवर विचारलं की "सर्व्हर डाऊन". एकदा तर सचखंड एक्स्प्रेसने परभणीहून निघालो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो, तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर गेलो तर ज्याच्याकडे फाइल तो माणूस आठवडाभर रजेवर. फाइल कुठंय हे दुसऱ्या कुणाला सांगता येईना. काय काय कागद लागतील याची एक यादी लिहून द्या एवढंच मी मागत होतो. दर वेळी एक नवीन कागद निघायचा. त्या बाकड्यावर माझ्यासारखेच तिघं-चौघं बसलेले असायचे, एक इंदूरचा, एक नागपूरचा. आजही आठवलं की संताप होतो.

पण भाऊ, चौदा महिने हे काही माझं मोठं नुकसान नाही. मोठं नुकसान विम्याचं झालं, आणि ते याच चुकीच्या पोटातून झालं.

एजंट म्हणाला होता, पॉलिसीला अजून आठ महिने आहेत, चिंता करू नका. मला वाटलं, आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, नावावर झाली की विमाही नावावर करू. आरसी अडकली, विमा तसाच राहिला. डिसेंबरात पाथरीहून मानवतकडे येत होतो, अंधार पडलेला, उसाचे दिवस. पुढे ट्रॉली. मागे दिवा नाही, रेडियम नाही, ऊस दोन हात बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर होता. ब्रेक मारला, तरी गाडी आत घुसली. कुणाला खरचटलंही नाही, त्याबद्दल देवाचे आभार. पण बोनेट, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर सगळं गेलं. बिल 3,18,400 रुपये.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, आरसी आणि पॉलिसी दोन्हीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळलं होतं. एकोणीस दिवसांनी पत्र आलं: पॉलिसी ज्याच्या नावावर त्याने गाडी विकलेली आहे, सबब त्याचा गाडीत हितसंबंध उरलेला नाही, आणि तुमच्याशी कंपनीचा करार नाही. दावा नामंजूर. पत्र घेऊन वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, कायद्याने विकल्याबरोबर विमा नवीन मालकाकडे जातो असं धरतात खरं, पण ते फक्त तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरतं. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावीच लागते, आणि कळवायची मुदत चौदा दिवसांची. माझे तोवर तीन महिने झाले होते. (मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते जाणकाराला विचारा.)

आरसी नावावर होण्याची वाट बघायची गरजच नव्हती, हे मला नंतर कळलं. विक्रीचा करार, गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या सही झालेल्या फॉर्मच्या प्रती आणि जुन्या मालकाची संमती दाखवून मी नंतर पॉलिसी बदलून घेतली, आरसी यायच्या आधीच. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्याच्या फरकाचे पैसे भरावे लागतात. ते चार पैसे वाचवायला जाऊ नका.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. टोकन द्या, लेखी द्या, बाकी रक्कम एनओसी सरकारच्या परिवहन पोर्टलवर दिसल्यावर. एजंट म्हणेल असं कुणी करत नाही. मग ती गाडी सोडा. आणि तुमच्या बाबतीत एक खास धोका आहे: तुमचा जिल्हा बीड, पण अंबाजोगाईला स्वतंत्र कार्यालय आहे, एमएच 44. दिल्लीतला माणूस जिल्ह्याचं नाव बघून एमएच 23 टाकून मोकळा होईल. त्याला फोनवर सांगू नका, लिहून पाठवा, आणि फॉर्म भरला की फोटो मागवा.

मूळ मालकाशी स्वतः बोला. एजंट नंबर देत नसेल तर तिथेच थांबा. त्याचा मोबाईल चालू आहे का, तो नंबर नोंदणीला जोडलेला आहे का, पुढच्या सहा महिन्यांत तो कुठे जाणार आहे का, हे विचारायला लाजू नका. गाडी कर्जावर होती का ते आरसीवर दिसतं. असेल तर बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पुढे सरकू नका. आणि मूळ शोरूमच्या बिलाची प्रत घ्या. आपल्याकडे नोंदवताना कर भरावा लागतो, तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. साडेसात लाखांत हा आकडा धरलेला नाही, तुमच्या पोस्टवरून तसं दिसतंय. आपल्या कार्यालयात जाऊन आधी काढून घ्या, मग स्वस्त की महाग ते ठरवा.

तुमच्या पोस्टखाली एकाने लिहिलंय की आपल्या मराठवाड्यात असली गाडी कशाला. मला हे पटत नाही. 2010 मध्ये संभाजीनगरच्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ती बातमी देशभर गेली. आणि ही ए-थ्री तर संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातच जुळवलेली. आपल्या अंगणातून निघून दिल्लीला गेली आणि परत आली. कष्टाच्या पैशात घेतलेली गाडी आहे, लाज कसली? माझी आता सव्वा लाख किलोमीटर झाली आणि मी खूश आहे.

फक्त ती सांभाळायची पद्धत वेगळी. आपल्या काळ्या मातीत रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात बसतो, नवा डांबरी रस्ताही दोन वर्षांत लाटेसारखा होतो. ही गाडी बसकी आहे. चार माणसं आणि सामान असेल तर लाटेवर पोट घासतं, तेव्हा इंजिनखालचं कव्हर शाबूत आहे का ते दर सर्व्हिसला बघा. टायरची कड खड्ड्यात फुगते आणि तो साइज आपल्याकडे लगेच मिळत नाही, एक जास्तीचा आणून ठेवा. डिकीतली स्टेपनी बारीक असते, तिच्यावर ताशी 80 च्या वर जायचं नाही.

डिझेलला सहा गिअरचा बॉक्स आहे, तेलात बुडालेल्या क्लचचा. पेट्रोल 1.8 च्या सात गिअरच्या कोरड्या क्लचपेक्षा आपल्या उन्हाला तोच बरा, असं माझं मत. पण त्याचं तेल दर 60,000 किलोमीटरला बदलावंच लागतं. तुमची 78,000 ची आहे, म्हणजे ते एकदा बदललेलं असलंच पाहिजे. पावती मागा, तोंडी नको. बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून नेऊ नका, पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर बॉक्स जाईल. सपाट पाठीची गाडी बोलवा.

सुट्या भागांसाठी एक गोष्ट. हीच चेसिस आणि हेच दोन लिटरचं डिझेल इंजिन त्या वेळच्या स्कोडा ऑक्टाव्हियात होतं. पार्ट नंबर जुळवून मागा, बऱ्याच वस्तू ऑक्टाव्हियाच्या नावाने कमी पैशात येतात. संभाजीनगरला या गाड्यांची कामं करणारे खासगी गॅरेजवाले आहेत, स्कॅनर असलेला बघा.

आणि उंदीर. माझं दुकान बी-बियाणांचं, गाडी गोदामाला लागून उभी असायची. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरची वायर दोनदा कुरतडली. डांबरगोळ्यांनी काही होत नाही. गाडी उजेडात, धान्यापासून लांब लावा आणि चार दिवस उभी राहिली तर बोनेट उघडून बघितल्याशिवाय स्टार्ट करू नका.

एजंटने 28 नंबरचा फॉर्म पाठवला की त्याचा फोटो टाका, चेसिस नंबर आणि नाव झाकून. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, बघून सांगतो. तोवर टोकनच्या वर एक रुपया देऊ नका.