काडतूस की गोळी?

प्रश्न असा आला : सर्बियातल्या उझित्से गावच्या 'प्र्वी पार्टिझान' कारखान्याबद्दल मराठीत लिहिताना 'गोळ्यांचा कारखाना' म्हणावं की 'काडतुसांचा'? आणि काडतूस हा शब्द मुळात कुठला?

माझं मत : काडतुसांचा. गोळी म्हणजे पुढचा धातूचा तुकडा, जो उडून जातो. पितळी नळी, तिच्यातली दारू आणि टोकाची गोळी असा सगळा ऐवज मिळून काडतूस होतं. बार उडाल्यावर मागे उरते ती पुंगळी. आपले बातमीदार 'जिवंत काडतूस' आणि 'रिकामी पुंगळी' हा भेद रोज नेमका पाळतात. तोच आपणही पाळावा.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, 'कार्तूश'वरून. त्याच्या मुळाशी कागद आहे. पूर्वी दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधून ठेवत आणि बंदूक भरताना पुडीचं टोक दातांनी तोडत. १८५७च्या काडतुसांची गोष्ट आठवा. मला विशेष आनंद याचा होतो की सर्बियनमध्ये तुर्कीतून आलेला 'फिशेक' हा शब्द काडतुसालाही चालतो आणि भाजलेल्या चेस्टनटच्या कागदी पुडीलाही! पितळ आलं तरी दोन्ही भाषांतला कागद काही सुटला नाही.

आता नाव. 'प्र्वी' म्हणजे पहिला. आपल्या 'पूर्व'चा तो सख्खा भाऊ. कारखाना १९२८चा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या सप्टेंबरात, पार्टिझान म्हणजे जर्मनांशी गनिमी काव्याने लढणाऱ्या लढवय्यांनी उझित्से मुक्त केलं आणि तिथे त्यांच्यासाठी रायफली आणि काडतुसं बनू लागली. बॉम्बहल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून काम बँकेच्या भूमिगत तिजोऱ्यांत हलवलं होतं. २२ नोव्हेंबरला तिथेच भीषण स्फोट झाला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आठवडाभरात, २९ नोव्हेंबरला, जर्मन फौजा गावात शिरल्या. 'पहिला पार्टिझान' हे नाव कारखान्याला युद्धानंतर मिळालं, ते याच दिवसांच्या आठवणीने.

म्हणून नावाचं भाषांतर करू नये. 'प्र्वी पार्टिझान' असंच लिहावं आणि अर्थ एकदा कंसात द्यावा. या काडतुसांच्या बुडावर उमटवलेली 'पीपीयू' ही अक्षरं म्हणजे प्र्वी पार्टिझान उझित्से. नाव भाषांतरित केलं, तर वाचकाला ती अक्षरं लागायची नाहीत.