वाचकांचे प्रश्न : केमोनंतरचे दिवस

प्रश्न : यांची केमो सुरू आहे, दर तीन आठवड्यांनी एक डोस. नंतरचे चार-पाच दिवस यांना अन्न डोळ्यांसमोर नको असतं. उलटीची गोळी ‘फार मळमळलं तरच घेईन’ म्हणून बाजूला ठेवतात. खाण्याचा आग्रह केला की चिडतात.

उत्तर : आग्रह जेवणाचा नको, गोळीचा करा. मळमळ आवरणं सोपं, सुरू झालेली उलटी थांबवणं अवघड. शिवाय त्या वेळी घेतलेली गोळी पोटात टिकेलच असं नाही. ठरावीक वेळेला लिहून दिलेल्या गोळ्या बरं वाटत असलं तरी त्या वेळेलाच द्यायच्या. ‘गरज पडल्यास’ म्हणून दिलेली गोळी मळमळीची पहिली चाहूल लागताच द्या. गोळी उलटून पडली तर दुसरी मनाने देऊ नका, फोन करून विचारा.

ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं आणि पोट साफ नसलं की मळमळ आणखी वाढते. मग औषध लागू पडत नाही असं वाटून गोळीच बंद केली जाते. खरं तर तिच्या जोडीला पोट साफ होण्याचं औषध मागून घ्यायला हवं. मळमळीसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर ते शक्यतो सकाळी, खाल्ल्यावर. संध्याकाळी घेतलं की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ते थांबल्यावर एक-दोन दिवस माणूस पार गळून जातो, चिडचिडही होते. तुमच्या आग्रहाइतकाच त्याचाही हात असेल!

खायला दर दोन तासांनी चार घास पुरे. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार करून द्या आणि स्वयंपाक चालू असताना त्यांना लांबच्या खोलीत बसू द्या. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात घोट घोट. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरा. यांच्या आवडीचा पदार्थ मात्र या दिवसांत मुळीच करू नका. मळमळीशी एकदा सांगड बसली की तो पुढे कित्येक महिने नकोसा होतो.

‘गार द्या’ याला एक मोठा अपवाद आहे. केमोचं औषध ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर डोसनंतर काही दिवस थंड काहीच नको. गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत झिणझिण्या येतात. म्हणून औषधाचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत डोसचा दिवस पहिला धरून रोज उलट्या, शौच, ताप आणि झोप यांची नोंद करा. वजन आठवड्याला एकदा. पुढच्या डोसआधी औषधं बदलायला डॉक्टरांना ‘खूप त्रास झाला’ यापेक्षा ‘तिसऱ्या दिवशी पाच उलट्या’ जास्त उपयोगी पडतं. दिवसभर पाणीही टिकत नसेल तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

प्रश्न : डोसनंतर नवव्या रात्री पत्नीला 38.3 अंश ताप आला. पॅरासिटामॉल दिली, सकाळी ताप नव्हता. पुढच्या वेळीही असंच केलं तर चालेल का?

उत्तर : नाही. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या नसल्या की पू, लाली, सूज अशी संसर्गाची नेहमीची लक्षणंही दिसत नाहीत. बऱ्याचदा ताप ही एकच खूण असते आणि पॅरासिटामॉल तीच झाकते. ताप 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच फोन करा. थंडी वाजून कुडकुडायला लागल्या तर ताप नसतानाही करा. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा नाही. एनिमाही न विचारता नाही. तातडीच्या विभागात पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला’ हेच हवं.

प्रश्न : तोंड आलंय, पाणी पितानाही झोंबतं. घरी काय करता येईल?

उत्तर : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. दिवसातून चार ते सहा वेळा, विशेषतः खाल्ल्यावर चूळ भरून थुंकायचं. रोज नवं करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा, ब्रश अगदी मऊ घ्या. जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं.

प्रश्न : उलटी, कपडे साफ करताना मला काही अपाय होईल का? एकत्र झोपावं का?

उत्तर : डोसनंतर निदान 48 तास मूत्र, शौच आणि उलटीतून औषध बाहेर पडतं, काही औषधांना जास्त वेळ लागतो. हातमोजे घाला, कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, डागाळलेले कपडे वेगळे धुवा. घरातल्या गर्भवतीने हे काम करू नये. शरीरसंबंधात या काळात निरोध हवाच. शेजारी झोपण्यात, जवळ घेण्यात काही धोका नाही. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर मात्र अंथरूण दुसऱ्या खोलीत घाला.