‘सार्वकालिक’ यादीत कालचा अल्बम बसतो का?

प्रश्न असा आला आहे: ‘मी माझ्या आवडीच्या शंभर अल्बम्सची यादी केली आणि तिला “सार्वकालिक सर्वश्रेष्ठ १०० अल्बम्स” असं नाव दिलं. त्यात दोन वर्षांपूर्वी आलेला एक अल्बम आहे. माझा मित्र म्हणतो, दोन वर्षांच्या अल्बमला सार्वकालिक म्हणताच येत नाही, तिथे शब्दच चुकतो. त्याचं बरोबर आहे का? आणि सर्वकालीन, सार्वकालिक, सार्वकालीन यांतलं शुद्ध रूप कोणतं?’

रूपांचा प्रश्न लवकर सुटतो, म्हणून तो आधी घेतो. ‘सर्वकाल’ला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’, ‘इ’चा ‘ऐ’ होतो. वर्ष-वार्षिक, समाज-सामाजिक, दिन-दैनिक, तसंच सर्वकाल-सार्वकालिक. ‘ईन’ लागला की ‘काल’च्या कुटुंबात पहिला स्वर जागचा हलत नाही: समकालीन, पूर्वकालीन, शिवकालीन, म्हणून सर्वकालीन. दोन्ही रूपं शुद्ध आहेत. ‘सार्वकालीन’मध्ये मात्र एकाची वृद्धी आणि दुसऱ्याचा प्रत्यय अशी सरमिसळ झाली आहे. ‘सार्वजनीन’ कानात बसलेला असल्यामुळे ती होत असावी. पण ‘सार्वजनीन’साठी संस्कृत व्याकरणात वृद्धी करणारा प्रत्यय सांगितलेला आहे, ती सोय ‘सर्वकाल’ला लावायचं कारण नाही. मी ‘सार्वकालीन’ लिहीत नाही.

आता मित्राचा आक्षेप. हा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या कानाला जे खटकलं ते खरंच शब्दात आहे.

‘तत्काल’ला हेच दोन प्रत्यय लावून पाहा. ‘तत्कालीन अध्यक्ष’ म्हणजे त्या वेळी जे होते ते. ‘तात्कालिक उपाय’ म्हणजे तेवढ्यापुरता, न टिकणारा. मूळ शब्द एकच, पण मराठीने दोन रूपांना दोन कामं वाटून दिली आहेत. एक वस्तूला तिच्या काळात नेऊन ठेवतं, दुसरं तिचा टिकाऊपणा सांगतं. व्याकरण हा भेद लादत नाही, हे कबूल करायला हवं. ‘दीर्घकालीन योजना’ आणि ‘अल्पकालीन कर्ज’ यांत ‘ईन’च आहे आणि तोही मुदतच सांगतो. तरी जिथे दोन्ही रूपं वापरात असतात तिथे भाषा अशी वाटणी करत असते.

‘सर्वकाल’च्या बाबतीत ही वाटणी अजून पुरती झालेली नाही. बाजाराच्या बातमीत ‘सार्वकालिक उच्चांक’ही छापून येतो आणि ‘सर्वकालीन उच्चांक’ही. दोन्हींचा अर्थ एकच: आजवरच्या सगळ्या आकड्यांत वरचा. उद्या तो आकडा मागे पडला तरी आजची बातमी खोटी ठरत नाही. सकाळी गाठलेला उच्चांक संध्याकाळी सार्वकालिक म्हणून छापला, तर ‘एका दिवसाच्या आकड्याला हा शब्द कसा?’ असं कोणी विचारत नाही. कारण तिथे नजर फक्त मागे आहे.

पण ‘सार्वकालिक सत्य’ म्हटलं की नजर पुढे वळते. पूर्वी खरं होतं, आज आहे आणि पुढेही राहील असा त्याचा दावा असतो. मराठी कानाला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा आहे. संतवाङ्मयात ‘सर्वकाळ’ हे क्रियाविशेषण येतं ते ‘अखंड, हरघडी’ या अर्थाने. त्यात खंड पडणं बसत नाही आणि शेवटही बसत नाही. त्यामुळे ‘सार्वकालिक सर्वश्रेष्ठ अल्बम’ वाचताना तुमच्या मित्राला ‘कायम श्रेष्ठ राहणारा’ असं ऐकू आलं, आणि दोन वर्षांच्या अल्बमची ती हमी कोण देणार, असा प्रश्न त्याला पडला.

इंग्रजीतल्या ‘ऑल टाइम ग्रेटेस्ट’चा हिशेब मुळात मागचा आहे: जेवढं झालं तेवढ्यात सर्वोत्तम. तो शब्द जसाच्या तसा मराठीत आणताना ‘सार्वकालिक’ वापरला, की मागच्या हिशेबाला पुढची हमी चिकटते. नव्या अल्बमांवरून वाद इंग्रजीतही होतो, पुष्कळ होतो. पण मराठीत तो या शब्दामुळे अधिक धारदार होतो.

‘सर्वश्रेष्ठ’बद्दल एक ओळ. ‘श्रेष्ठ’ हेच संस्कृतात तमभाववाचक रूप आहे, म्हणजे त्यातच ‘सर्वांत’ आलेलं आहे. पण मराठीत श्रेष्ठ म्हणजे थोर, त्यामुळे ‘सर्वश्रेष्ठ’ला माझी हरकत नाही.

आता प्रत्यक्ष याद्यांकडे बघू, कारण शब्द तिथेच कसाला लागतो. रोलिंग स्टोन मासिकाने ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी २००३ मध्ये काढली आणि २०२० मध्ये नव्याने मतं मागवून पुन्हा केली. २००३ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. २०२० मध्ये तो चोविसावा झाला. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिल्यावर आला. हे अल्बम अनुक्रमे १९६७ आणि १९७१ चे. म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या अल्बमांची जागाही सतरा वर्षांत इतकी हलते. पुढे २०२४ मध्ये ॲपल म्युझिकने १०० अल्बमांची यादी केली. तिच्यात ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सतरावा आहे आणि पहिली जागा लॉरिन हिलच्या १९९८ च्या अल्बमला आहे. या याद्या वेगळ्या लोकांनी केल्या आहेत, त्यामुळे फरक पडणारच. पण ज्याला आपण सार्वकालिक क्रम म्हणतो तो जुन्यांच्या बाबतीतही त्या-त्या सालचाच क्रम असतो. मग भविष्याची हमी फक्त नव्या अल्बमाकडून मागणं मला न्याय्य वाटत नाही.

या दोन्ही याद्यांनी नव्यांना दार उघडं ठेवलं होतं. बिली आयलिशचा पहिला अल्बम मार्च २०१९ मध्ये आला. दीड वर्षात तो रोलिंग स्टोनच्या यादीत होता आणि पुढे ॲपलच्या यादीत तिसाव्या जागी. ॲपलच्या यादीत अठराव्या जागी टेलर स्विफ्टच्या ‘१९८९’ची तिनेच पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली आवृत्ती आहे. मूळ अल्बम २०१४ चा, नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आणि यादी मे २०२४ ची. आता त्या अल्बमचं वय किती धरायचं, दहा वर्षं की सात महिने? गाणी दहा वर्षं ऐकलेली आहेत, ध्वनिमुद्रण ताजं आहे. वयाची अट घालणाऱ्याने याचं उत्तर आधी द्यायला हवं.

उलट, जिथे खरोखर मुदत पाळतात तिथे ती नियमात लिहिलेली असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही आहे. तिच्यात यायला ध्वनिमुद्रण किमान १० वर्षांचं लागतं. ग्रॅमी हॉल ऑफ फेमसाठी २५ वर्षं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये कलाकाराच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला २५ वर्षं झाल्याशिवाय त्याचा विचार होत नाही. हा सन्मान ‘टिकलं आहे’ या गोष्टीचा आहे, म्हणून आधी टिकायला वेळ देतात. तो हेतू यादीत असेल तर मुदत हवीच. पण ती मथळ्यातल्या विशेषणात लपवून ठेवू नये, सरळ सांगावी. याच रोलिंग स्टोनने १९८७ मध्ये ‘गेल्या वीस वर्षांतले १०० सर्वोत्तम अल्बम’ अशी यादी काढली होती. तो मथळा मला आजही आवडतो. किती काळाचा हिशेब आहे ते त्यात सांगितलं आहे आणि त्यापलीकडचा शब्द दिलेला नाही.

मित्राच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट आहे, ती टाळता येणार नाही. नव्याचे नऊ दिवस. कानात अजून घुमणाऱ्या संगीताची तुलना वर्षानुवर्षं मुरलेल्या संगीताशी करताना माप सरळ राहणं कठीण असतं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये दोन अल्बम आले. जूनमध्ये रेडिओहेडचा ‘ओके कम्प्युटर’ आणि ऑगस्टमध्ये ओएसिसचा ‘बी हिअर नाउ’. दोघांचंही समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, आणि ओएसिसचा तर पहिल्याच दिवसांत विक्रमी खपला. ‘बी हिअर नाउ’बद्दलचं मत लवकरच फिरलं. गाणी लांबलेली, गिटारींचे थरावर थर, असं तेच लोक म्हणू लागले. ‘ओके कम्प्युटर’ला १९९८ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षाचा असताना, क्यू मासिकाच्या वाचकांनी सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ अल्बम निवडलं. तेव्हा ते घाईचं वाटणं स्वाभाविक होतं. आज ॲपलच्या यादीत तो बारावा आहे.

ही जोडी मी पुन्हा पुन्हा आठवतो. एकाच वर्षीचे दोन अल्बम, तितकीच स्तुती, तितकाच उत्साह. त्या वेळी फक्त उत्साहावरून कोणता टिकेल हे सांगता आलं नसतं. म्हणून मित्राची सावधगिरी योग्य आहे. पण ज्या वाचकांनी ‘ओके कम्प्युटर’ निवडला त्यांना वर्षभरातच बरोबर ऐकू आलं होतं, हेही तितकंच खरं आहे. त्यांना वीस वर्षं थांबवलं असतं तर त्यांचा निर्णय अधिक पक्का झाला असता, अधिक बरोबर नव्हे.

काळ अल्बमात काही भर घालत नाही. ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ १९६७ मध्ये आला तेव्हा बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १७१ च्या वर चढला नाही. आज तो अनेक मोठ्या याद्यांत मानाने असतो. तबकडीवरच्या खोबणी त्याच आहेत. मधल्या काळात बदलले ते ऐकणारे. १९६८ मध्ये एखाद्याने तो आपल्या यादीत वर ठेवला असता तर त्याला घाई झाली असती, की तो पुढे होता?

इथे एक मराठी वाक्प्रचार जवळून पाहण्यासारखा आहे: ‘काळाच्या कसोटीला उतरणे’. कसोटी म्हणजे सोनाराचा काळा दगड. सोनं त्यावर घासलं की रेघ उमटते आणि तिच्या रंगावरून सोनार कस सांगतो. हे काम काही क्षणांचं आहे. कालच घडवलेला दागिना आणि पणजीचा दागिना एकाच दगडावर, तितक्याच वेळात पारखले जातात. वाक्प्रचारात आपण त्या दगडाच्या जागी काळ ठेवला, आणि पारख लांबली. तरीही ‘कस’ हा शब्द मूळ गोष्ट विसरू देत नाही: पाहायची ती धातूची शुद्धता. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण वय आणि कस एकाच मापात मोजते. कसोटी तसं करत नाही. नव्या अल्बमाबद्दल बोलताना मला कसोटीची भाषा जवळची वाटते.

मग इतर शब्द कोणते? ‘अजरामर’ नव्या अल्बमाला लावू नये. ज्याला जरा म्हणजे म्हातारपण नाही, मरण नाही, असं म्हणायला निदान म्हातारं होण्याइतका काळ जावा लागतो. ‘कालजयी’चंही तेच: जय म्हणायचा तर आधी झुंज झालेली हवी. ‘अविस्मरणीय’ चालेल, कारण ते ऐकणाऱ्याचं मत आहे. ‘अभिजात’ची गंमत वेगळी आहे. व्यवहारात तो शब्द आपण जुन्यालाच लावतो, आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्याच्या निकषांत प्राचीनता होतीच. पण शब्दाचा मूळ अर्थ ‘चांगल्या कुळात जन्मलेला’ असा आहे. म्हणजे तो गुण जन्मतःच असतो. एखादा अल्बम आला त्या दिवसापासून अभिजात होता, असं म्हणणं शब्दाशी प्रामाणिक आहे.

आणि तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, साधा आणि नेमका: ‘आजवरचा’. ‘आजवरचे १०० सर्वोत्तम अल्बम’. यात नजर मागे आहे, हिशेब आजपर्यंतचा आहे, पुढचं वचन नाही. त्यात दोन वर्षांचा अल्बम निर्धास्त बसतो, फक्त तो बाकीच्या नव्याण्णवांच्या तोलाचा आहे असं तुम्हाला मनापासून वाटायला हवं. ‘सर्वकालीन’ही चालेल, कारण त्याचा कल मागच्या हिशेबाकडे आहे, पण मित्राच्या कानाला तोही खटकण्याची शक्यता आहे. ‘सार्वकालिक’च ठेवायचा असेल, तर अमुक वर्षांपूर्वीचे अल्बम धरले आहेत, अशी ओळ मथळ्याखाली द्या, मग तुमच्या त्या अल्बमाला थांबावं लागेल.

मी स्वतः माझ्या याद्यांवर तारीख घालतो. जुन्या यादीतला एखादा अल्बम पुढच्या यादीतून गळला की दोन्ही वह्या समोर ठेवून तो पुन्हा ऐकतो, पहिल्या गाण्यापासून, मध्ये न थांबता. कधी जुनी यादी बरोबर निघते, कधी नवी.

आणि जाता जाता: तुम्ही ‘अल्बम्स’ लिहिलं आहे. मराठीत एक अल्बम, दोन अल्बम, शंभर अल्बम. अनेकवचनी सामान्यरूप ‘अल्बमां-’, म्हणून ‘अल्बमांची यादी’. तो ‘स’ काढून टाका.